नेला आणि नेलाय

माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांना विचारा, बाईंनी तुम्हाला काय शिकवलं? कविता नाही, धडे नाहीत. बहुतेक सगळे एकच सांगतील, बाई विरामचिन्हांचे मार्क कापायच्या. पूर्णविराम राहिला तर अर्धा मार्क, प्रश्नचिन्ह राहिलं तर अख्खा. मुलं रडकुंडीला यायची आणि मला त्यात एक प्रकारचा आनंद व्हायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. प्रश्नचिन्ह नसलेला प्रश्न म्हणजे कुंकू न लावता लग्नाला गेलेली करवली, असं मी वर्गात म्हणत असे. पोरं हसायची, आणि मीही स्वतःवर खूश होऊन फळ्याकडे वळायची.

मी महाडात राहते, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत. सकाळची एसटी पकडून पोलादपूर, तिथून रिक्षाने वर डोंगराच्या अंगाला आमची शाळा. चार खोल्या, एक व्हरांडा, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. मुख्याध्यापक, मी आणि तीन वर्षांपूर्वी आलेले एक तरुण शिक्षक, ज्यांना सगळे अजून नवे सर म्हणतात. शाळेला लॅपटॉप मिळाला तेव्हा साहजिकच तो नव्या सरांच्या टेबलावर गेला. सगळी पत्रं तेच टाइप करायचे. आणि त्यांच्या प्रत्येक पत्राच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असायचं, दिनांकः. म्हणजे दिनांक आणि पुढे चक्क विसर्ग.

"सर, हा दुःखातला विसर्ग आहे. इथे अपूर्णविराम हवा. दोन वेगळी टिंबं दिसतात तुम्हाला, की सारखीच दिसतात?"

"बाई, अपूर्णविरामाच्या बटणावर छ येतो," सर म्हणाले. "मराठी लावलं की तिथली चिन्हं गायब होतात. मग आम्ही सगळे विसर्गच टाकतो. तालुक्यात सगळीकडे असंच चालतं."

"शोधलं की सापडतं," मी म्हणाले. मुख्याध्यापक हसले. सरांचे कान लाल झाले. मला बरं वाटलं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, तिशीतल्या माणसाचे कान लाल करून.

खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत कुणी नसताना मी त्या लॅपटॉपपुढे बसून शोधलं होतं. संगणकाचा तो कोर्स मीही केलेला, नाहीतर वेतनवाढ अडली असती. अक्षरं मला येत होती, एका बोटाने का होईना. पण सर म्हणत होते ते अगदी बरोबर होतं. अर्धविरामाचं चित्र असलेलं बटण दाबलं की च. अवतरणचिन्हाच्या बटणावर ट बसलेला. आणि ज्या बटणावर ठसठशीत प्रश्नचिन्ह छापलं होतं ते दाबलं की य. शिफ्ट धरून दाबलं की खाली टिंब दिलेला य, जो मराठीत कुणी लिहीत नाही. स्वल्पविराम आणि पूर्णविराम तेवढे आपल्या जागी होते. बाकीच्यांची घरं अक्षरांनी बळकावलेली. अर्धा तास मी त्या एका बटणाशी झटापट केली आणि घंटा झाल्यावर वर्गात जाऊन, काही घडलंच नाही अशा थाटात, प्रश्नचिन्हावर धडा घेतला. सरांना विचारलं असतं तर त्यांनी दोन मिनिटांत दाखवलं असतं. पण शोधलं की सापडतं म्हणणाऱ्या बाईने विचारायचं कसं?

त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडावर ती तक्रार आली. आमच्याकडे मुलांचं दुपारचं जेवण जी शिजवायची तिला मुलं आणि आम्ही सगळे मावशी म्हणायचो. पंचेचाळिशीची, उंच, हाताने कामसू, तोंडाने फटकळ. नवरा बरीच वर्षं मुंबईत गोदीवर काम करून दुखणं घेऊन परत आलेला. मावशी बौद्धवाडीतली. तक्रार वरच्या आळीतून आली, की स्वयंपाकीण रोज पिशवी भरून तांदूळ घरी नेते. पिशवी मीही पाहिली होती. पातेल्याच्या बुडाला लागलेली खरवड ती कोंबड्यांसाठी न्यायची. सगळ्यांना ठाऊक होतं. तक्रार कुणाची, कुणाविरुद्ध, हेही सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

तालुक्याच्या ऑफिसातून फोन आला, मुख्याध्यापकांनी चौकशी करावी, जबाब टाइप करून पाठवावा, हाताने लिहिलेला चालणार नाही. नवे सर लॅपटॉप उघडायला लागले तशी मी म्हणाले, "राहू द्या. जबाबाचा कागद नाजूक असतो. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर अर्थ बदलतो. मी करते." हे मी म्हणाले. अगदी याच शब्दांत.

सर उठून पलीकडच्या वर्गात गेले. मावशी पदराला हात पुसत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. मुख्याध्यापक विचारत होते, मी टाइप करत होते. त्यांचा पहिला प्रश्न होता, तुम्ही इथे किती वर्षं काम करता? मी सवयीने शेवटी प्रश्नचिन्हाचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, काम करताय. मी य खोडला. दुसरा प्रश्न, पिशवीत काय? त्याचं झालं, पिशवीत कायय. तोही खोडला. मग मी ठरवलं, प्रश्नचिन्हं टाकायचीच नाहीत. प्रश्नाच्या आधी प्रश्न असा शब्द आणि उत्तराच्या आधी उत्तर असा शब्द घातलाच आहे, शेवटी पूर्णविराम देऊ, वाचणाऱ्याला कळेल. आयुष्यभर ज्याबद्दल मुलांचा अख्खा मार्क कापला तेच मी अधिकृत कागदावर करत होते. पलीकडच्या वर्गातून नव्या सरांचा पाढे म्हणून घेण्याचा आवाज येत होता. मधे एक भिंत आणि एक दार, दहा पावलं. मी उठले नाही.

मावशी सरळ बोलत होती. "पिशवीत खरवड व्हती. कोंबड्यांना घालतंय. रोज नेतंय, चोरून नाय." मी ते नीट शुद्ध करून घेत होते. व्हतीचं होती, नायचं नाही. तिच्या बोलण्यावर इस्त्री फिरवत होते म्हणा. मग मुख्याध्यापकांनी विचारलं, "लोकं म्हणतात तांदूळ नेला."

मावशी एकदम ताठ झाली. "तांदूळ मी नेला? घरात खानारी तोंडा दोन." आणि पुढे म्हणाली, "शेतातला भात संपत नाय आमचा."

तिचा आवाज असा चढला, की माझा हात आपसूक त्या बटणावर गेला. पूर्णविरामाचा निश्चय विसरून, तीस वर्षांच्या सवयीने. तांदूळ मी नेला, आणि पुढे प्रश्नचिन्ह. पडद्यावर उमटलं, तांदूळ मी नेलाय. करताय आणि कायय हे डोळ्यांना खुपले होते, कारण ते तिथे शोभत नव्हते. नेलाय हा शब्द मात्र कसा धडधाकट. तो खुपलाच नाही. मी पुढे लिहीत गेले, घरात खाणारी तोंडं दोन. शेवटचं शेतातल्या भाताचं वाक्य मी गाळलं. मुख्याध्यापक म्हणाले होते मुद्द्याचं तेवढंच घ्या, आणि माझं बोट दुखायला लागलं होतं.

ज्याला मराठी येतं त्याने हे वाक्य एकदा वाचून पाहावं. तांदूळ मी नेलाय घरात खाणारी तोंडं दोन. तिने विचारलं होतं, माझ्या घरात दोनच माणसं, मला कशाला लागतोय शाळेचा तांदूळ? आणि माझ्या कागदावर ती हात जोडून सांगत होती, नेला खरा, पण घरात खाणारी दोन तोंडं आहेत हो.

प्रिंटरमध्ये त्या दिवशी नेमकी शाई होती. कागद निघाला आणि नियमाप्रमाणे मी तो मावशीला वाचून दाखवला. इथेच खरी गोम आहे. मी कागद वाचलाच नाही. मी तिचं बोलणं आठवून वाचलं, चांगल्या शिक्षिकेसारखं, चढउतारासकट. तांदूळ मी नेला, असं मी भुवया उंचावून, सूर वर नेऊन म्हटलं. मावशीने समाधानाने मान डोलावली. "बरोबर हाय. असाच बोलली मी." मग तिने जिभेचं टोक दातात धरून, एकेक अक्षर जोडत, आपलं नाव लिहिलं. त्याच्या वर मी आधीच टाइप केलेलं होतं, जबाब वाचून दाखवला, तो बरोबर आहे. मुख्याध्यापकांनी न वाचता सही केली. म्हणाले, "तुम्ही लिहिलंय म्हणजे आम्ही काय तपासणार?"

तीन आठवड्यांनी आदेश आला. मुख्याध्यापक व्हरांड्यात उभे राहून मोठ्याने वाचत होते. सदर महिलेने आपल्या जबाबात तांदूळ नेल्याचे स्वतः मान्य केले असल्याने तिला कामावरून कमी करण्यात येत आहे. "कमाल आहे," ते म्हणाले, "आपल्यासमोर तर नाही म्हणाली होती. वरून काहीतरी दाबदडपण असणार." मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने आत जाऊन चूल विझवली, आपला डबा घेतला आणि निघाली. जाताना पोरांनी विचारलं, "मावशी, उद्या काय करणार?"

मी फाईल काढली. पहिल्यांदा वाचलं तेव्हाही माझ्या डोळ्याने तो शब्द बरोबरच वाचला. दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं आणि बोट शेवटच्या य वर अडलं. मी फाईल मिटली, कपाटात ठेवली आणि तास घ्यायला गेले. त्या तासाला काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

त्या दिवशी सांगितलं असतं तर? मी कितीदा हा विचार केलाय. मुख्याध्यापकांना सांगायचं होतं, दोन वाक्यं. पण त्या दोन वाक्यांत नवे सर येणार होते, विसर्ग येणार होता, शोधलं की सापडतं येणार होतं. एका बाईची भाकरी गेली होती आणि मी विचार करत होते, की नवे सर मनात काय म्हणतील. याहून लाज वाटावी असं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही. आठ दिवस मी गप्प बसले.

नवव्या दिवशी पोलादपूरच्या स्टँडवर मावशी भेटली. कट्ट्यावर टाकळ्याच्या रानभाजीच्या जुड्या मांडून बसली होती. मी नजर चुकवून रिक्षाकडे चालले होते, तर तिनेच हाक मारली. मी थांबले. पावसाची भुरभुर होती आणि तिने माझ्यासाठी आपला प्लास्टिकचा कागद थोडा सरकवला.

"बाई, एक इचारू? तुमी वाचून दाखवलात तेच व्हता ना कागदावर? आमच्या वाडीत लोका बोलतात, बाईनीच लिवला असेल उलटा. मी भांडतंय त्यांच्याशी. मी म्हनतंय, बाई माझ्यासमोर वाचत व्हत्या, मी कानांनी ऐकला. सायबांनी फिरवला, बाईनी नाय."

"हो," मी म्हणाले. "तेच होतं."

एवढंच. एक शब्द आणि त्याच्या मागे दुसरं खोटं. तिने दोन जुड्या माझ्या पिशवीत घातल्या, मी नको म्हणत असताना. टाकळा मी घरी नेला आणि शिजवला नाही. तो दोन दिवस ओट्यावर पडून पिवळा झाला. मग मी तो शेजारच्यांच्या शेळीला घातला आणि त्याच दुपारी पत्र लिहायला बसले.

पत्र हाताने लिहिलं. त्यात लिहिलं, की जबाबाच्या टंकलेखनात अनवधानाने चूक झाली आहे, नेला या शब्दापुढे प्रश्नचिन्ह अभिप्रेत होते, तिथे य हे अक्षर उमटले आहे, तसेच उत्तराचा काही भाग राहून गेला आहे, तरी आदेशाचा फेरविचार व्हावा. मराठी भाषेची ही एक मोठी सोय आहे. चूक झाली म्हणता येतं. मी केली असं म्हणावं लागत नाही. अनवधानाने झाली, य आपला आपण उमटला, वाक्य आपलं आपण राहून गेलं. त्या पत्रात मी कुठेच नव्हते, सही सोडून. मुख्याध्यापकांनी ते पुढे पाठवलं. ऑफिसातून फोनवर बोलणी बसली ती मुख्याध्यापकांना. त्यांनी ती मला सांगितली नाहीत, पण दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. नवे सर मात्र माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "बाई, इंग्रजी लावायचं, प्रश्नचिन्ह टाकायचं, परत मराठी लावायचं. मी दाखवतो." त्यांनी दाखवलं. खरोखर दोनच मिनिटं लागली. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही टोमणा नव्हता, आणि असता तर मला सोपं गेलं असतं.

गणपतीच्या आधी आदेश रद्द झाला. मावशी पुन्हा यायला लागली. पण पहिल्यासारखी नाही. पोरांना वाढताना बोलेनाशी झाली. खरवड आता ती नेत नसे. सगळ्यांच्या देखत ती मागच्या गटारावर टाकून पातेलं उलटं करून दाखवायची. माझ्यासमोर चहा ठेवायची आणि सरळ माझ्याकडे बघायची, जरा जास्त वेळ. मी कपात बघायची.

मग पालकसभा झाली. मुख्याध्यापकांना वाटलं, झालं गेलं एकदा लोकांसमोर निस्तरावं. व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या. पुढे वरच्या आळीतली माणसं, तक्रार करणारे गृहस्थ अगदी पहिल्या रांगेत. मागे, पायऱ्यांच्या कडेला, बौद्धवाडीतली माणसं. मावशी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी. मुख्याध्यापक म्हणाले, मावशींवर अन्याय झाला होता, पण आपल्या बाईंच्या लक्षात आलं, त्यांनी पत्र लिहिलं आणि न्याय मिळवून दिला, तर बाईंसाठी टाळ्या. टाळ्या वाजल्या. मला उभं राहावं लागलं.

उभी राहिले तेव्हा मी सांगणार होते, असं आता म्हणावंसं वाटतं. ते खरं नाही. मी म्हणाले, "मावशींनी तांदूळ नेला नव्हता. जबाब टाइप करताना चूक झाली होती, ती दुरुस्त झाली." आणि बसायला लागले.

"कोनाची?" मावशीने विचारलं.

सगळ्या माना तिकडे वळल्या. तक्रारवाले गृहस्थही वळले. मावशी दारातून हलली नाही. तिने रागाने विचारलं नव्हतं. ज्याचं उत्तर तिला केव्हाचं माहीत होतं, ते तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. स्टँडवर माझ्यासाठी प्लास्टिक सरकवताना तिला ते माहीत होतं का, हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमतही नाही.

"माझी," मी म्हणाले. इतकं हळू, की माझं मलाच जेमतेम ऐकू आलं.

"मोठ्यान बोला, बाई," मावशी म्हणाली. "आमच्या वाडीतली मानसा पार मागं बसलीत."

मग मी सतरंजीवरून पाय काढला, व्हरांड्याच्या मधोमध, मागच्यांना दिसेन अशी जाऊन उभी राहिले, आणि पहिल्यापासून सगळं मोठ्याने सांगितलं.